खिल्लारे सरांची चादर

खिल्लारे सरांच्या घरी कोणी गाणं ऐकायला आलं, की सर आधी पाणी विचारत नसत. आधी गाण्याच्या सेटवर चादर टाकत. निळी-पांढरी सोलापुरी चादर, एका कोपऱ्याला इस्त्रीने जळलेली. तिच्याआड अॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि सरांनी स्वतः बनवलेले दोन सागवानी स्पीकर बॉक्स. पाहुण्याने फक्त ऐकायचं. "आधी डोये भरून पाहून घेतलं, मंग कानाले काम काय राह्यते?" असं म्हणून ते खुर्चीत बसत आणि आपल्या तोंडाकडे टक लावून बघत. गाण्यापेक्षा आपलीच परीक्षा चालू आहे असं वाटायचं.

रिसोडच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. राहायलाही एकाच गल्लीत. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, पण मला ते 'बाई'च म्हणत. सर नम्र होते, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. "रिसोडात कान दोनच, अन् दोन्ही माह्याच डोक्याले आहेत," हे त्यांचं वाक्य. त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, त्यावर स्वयंपाकघरातून विचारावं, "मंग मी दहादा आवाज देते थे कायले आयकू येत नाही?" ताईंचा आवाज असा, की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबायचा.

एका रविवारी सरांनी आम्हा चार शिक्षकांना बोलावलं. म्हणाले, पुण्याहून स्पीकरची भारी वायर आणली आहे, फरक सांगा. एक तुकडा साध्या वायरवर वाजवला. मग चादरीआड वाकून बरीच खुडबूड केली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. आम्ही सगळे पाघळलो. मी तर म्हटलं, "सर, दुसऱ्या वेळी तबला किती मोकळा वाटला." सरांनी चष्मा पुसला. "बाई, वायर बदललीच नाही म्या." माझा चेहरा उतरला तसे म्हणाले, "तुमी खोटं नाही बोलल्या. तुमाले खरंच तसं आयकू आलं. याचंच तं भेव वाटते मले." त्यानंतर महिनाभर स्टाफरूममध्ये चहा आला की कोणी ना कोणी मला विचारायचं, तबला मोकळा आहे का.

कोणी नवा अॅम्प्लिफायर घेतला, की सल्ल्याला सरांकडेच यायचा. सर सोयरीक जुळवावी तसे जुळवून द्यायचे. "अॅम्प्लिफायर नवरा, स्पीकर नवरी. दोघं बी चांगले असून भागत नाही, जमलं पाह्यजे. अन् खोली म्हंजे सासू. लोकं सासू पाहतच नाहीत." मग ते त्या माणसाच्या घरी जात, खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवत आणि भिंतींकडे बघत. कुठे पडदा लावायला सांगत, कुठे सतरंजी.

सुनंदाताई गेल्या त्या वर्षी सर निवृत्त झाले. आमच्या वस्तीतल्या विहाराचं बांधकाम तेव्हा नुकतंच उरकलं होतं. मोठा स्लॅबचा हॉल, गुळगुळीत फरशी, चारी भिंती कोऱ्या. साउंड सेट घ्यायचा विषय निघाला आणि सर उभे राहिले. म्हणाले, माझे बॉक्स घ्या, सुनंदाच्या नावानं. ताईंनी महिनाभर घासून त्या सागवानाला पॉलिश केलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण सचिव अंभोरे भाऊंनी भीतभीत सांगितलं, की इलेक्ट्रिशियन भिंतीवरचे उभे कॉलम स्पीकर सुचवतो आहे. सर हसले. "थे फूटपट्टीवाणी? चादर टाका. कानाले ठरवू द्या."

चादर त्यांच्याच घरून आली. दोरीवर टांगली, मागे दोन्ही जोड्या. दोन्हींचा आवाज सरांनी आधी मीटर धरून सारखा केला, कारण जोरात वाजतं ते माणसाला चांगलंच वाटतं. मग ते शेवटच्या रांगेत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. कोणती जोडी आधी लावायची ते इलेक्ट्रिशियनच्या मनावर. सरांच्या शेजारी, दाराजवळच्या खुर्चीत, वस्तीतल्या म्हाताऱ्या गिरजाबाई. गुडघ्यांमुळे त्या खाली बसत नाहीत आणि कानानेही जरा जड आहेत. माइकवर मला उभं केलं. माझा आवाज मुळात बारीक, त्यामुळे परीक्षेला बरा, असं सरांचं मत.

मी वर्तमानपत्र वाचू लागले. पहिल्या जोडीवर माझाच आवाज मला भारदस्त वाटला, पण गिरजाबाई म्हणाल्या, "रांजणात तोंड घालून बोलल्यावाणी होऊन राह्यलं. काय म्हनते थे समजत नाही." दुसऱ्या जोडीवर मी एक वाक्य वाचलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं परत म्हटलं. भाऊंनी विचारलं, दुसरी जोडी कोणाकोणाला हवी? हात वर होऊ लागले. सर्वांत आधी, भिंतीकडे तोंड केलेल्या सरांचा.

चादर काढली. पहिली जोडी सागवानी होती.

सर उठून पुढे आले. हॉलच्या मधोमध थांबून त्यांनी एक टाळी वाजवली. ती बराच वेळ घुमत राहिली. "सासू पाहालेच विसरलो म्या," ते म्हणाले. लोक हसले, सर हसले नाहीत. भाऊंना वाईट वाटलं. "सर, बॉक्स राहू द्या इथं, शोभेले. ताईचं नाव राहीन."

"शोभेले कायले?" सर म्हणाले. "सुनंदा शोभेची होती का? तिचं बोलणं मांगपर्यंत आयकू जाये. जे मांगपर्यंत जाते थे लावा."

बॉक्स रिक्षात घालून घरी आणताना मी सोबत होते. मला राहवलं नाही. विचारलं, "सर, इतक्या वर्षांचे तुमचे बॉक्स, खरंच ओळखू आले नाहीत?"

"पहिल्याच वाक्याले आले, बाई." त्यांचा हात बॉक्सवर होता. "पण शेजारी गिरजाबाई बसली होती. तिले समजून नोतं राह्यलं. मंग म्या काय करू?" आणि ते रडले, चष्मा न काढता. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून कॉलम मात्र त्यांनी स्वतः बसवून घेतले, तोंड मागच्या रांगेकडे. सागवानी बॉक्स त्यांच्या खोलीत परत गेले आणि तिथे पुन्हा छान वाजू लागले. त्यांची सासू तीच होती.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. वायरीची गोष्ट सांगून हसवायचं असं घोकून गेले होते. उभी राहिले, पहिलं वाक्य कसंबसं म्हटलं. आवाज इतका खाली गेला, की पहिल्या रांगेलाही पोचत नसेल असं वाटलं. मी मध्येच थांबले, माइक ठेवायला लागले.

दाराजवळच्या खुर्चीतून गिरजाबाई म्हणाल्या, "थांबली काहून, बाई? येऊन राह्यलं आयकू. बोल."