वच्छलाबाईची सीट

वच्छलाबाईची सारी हयात कापूस वेचण्यात गेली. दर बाजारी त्या माह्या काळीपिवळी जीपनं दारव्ह्याले येतात. पावसाळाभर जीपच्या दिव्यांत आतून बाफ धरत होती. काच पुसून पुसून माहं डोकं फिरलं होतं. एकदा पाणी टाकाले बोनट उघडलं, तर बाईनं दिव्यामागच्या भोकातला बोळा चिमटीत धरला.

"ओला हाय. कापूस इथं कायले कोंबला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"मंग बाफ निघंल कुठून, बाबू?"

बोळे काढले अन् दिवे चालू ठेवूनच निघालो. दारव्हा येईस्तोवर काच लख्ख!

तवापासून खिडकीजवळची सीट वच्छलाबाईची. सरपंचालेही मांगंच बसवतो. त्या आल्या नाहीत, तर खचाखच भरलेल्या जीपमधी तेवढी एक सीट रिकामी जाते.