वैवाहिक स्थिती: बिट्रोथ्ड

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतकं स्पष्ट बोलून समोरच्याला पार गोंधळात टाकणारा माणूस अख्ख्या पुंडलिकनगरात सापडायचा नाही. आयुष्यभर त्यांनी कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज आणि करारनामे टाइप केले. इंग्रजी शिकले तेही जुन्या वकिलांच्या मसुद्यांतून, त्यामुळे ते इंग्रजी त्या वकिलांबरोबरच म्हातारं झालं. दूध पातळ आलं की दूधवाल्याला 'व्हेअरॲज'पासून सुरू होणारी नोटीस जाते, तीही तीन प्रतींत. तो बिचारा ती माझ्याकडे वाचायला आणतो. पानभर मजकुराचं मराठी मी "पाणी कमी घाल" एवढंच करतो आणि तो समाधानानं जातो.

पण खरा घोळ काकांच्या लग्नाचा. घरात बाई नाही, भिंतीवर कुणाचा फोटो नाही, पोळ्या स्वतःच लाटतात. तरी अविवाहित म्हटलेलं खपत नाही. फॉर्म बँकेचा असो की रेशनचा, वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ते इंग्रजीत लिहिणार 'बिट्रोथ्ड'. मला वाटलं विधुर असतील. माझ्या बायकोला घटस्फोटाचा संशय. शेवटी एकदा मी धीर करून अर्थ विचारला.

"लग्न ठरलेला," काका म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं."

"कधी ठरलं?"

"पंचेचाळीस वर्षं झाली की."

पैठणकडच्या एका गावात सुपारी फुटली होती. मुलीला कुंकू लावून साडी दिली, पेढे वाटले, तारीख दिवाळीनंतर काढू असं ठरलं. मग तिकडून निरोपच आला नाही. मी म्हणालो, "म्हणजे मोडलंच की, काका."

"मोडलं कसं? सोयरीक मोडली की साडी परत येती. आली नाय. मग मोडली कशी म्हणायची?"

"पण तुम्ही चौकशी नाही केली?"

"चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं," काका म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. कोर्टासमोर जन्म काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? वर जाताना निदान माझा प्रश्न तरी मला कळत होता, खाली येताना तोही कळेनासा झाला.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. आणखी थांबलात तर डावा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काउंटरवर एक मुस्लिम बाई, सगळे त्यांना आपा म्हणत, कॉम्प्युटरवर माहिती भरत होत्या.

"काका, लग्न झालं का नाय, एवढंच सांगा."

"ठरलंय."

"ठरलेलं ह्याच्यात नाय येत हो. झालं, नाय तर नाय झालं."

काका उठले. "मग राहू द्या ऑपरेशन. खोटं लिहून नाय करायचं."

मला असा राग आला की विचारू नका. डोळा जायची वेळ आली आणि हा माणूस एका शब्दासाठी अडून बसलेला. मी आपांना बाजूला घेऊन सगळी हकिगत सांगितली. त्या काकांकडे वळल्या.

"काका, आमच्यात मंगनी झाली की लडकी उस घर की हो गई समजतात. विवाहित टाकू का?"

काका गोंधळले. त्यांना असं गोंधळलेलं मी प्रथमच पाहत होतो. हळूच परत खुर्चीवर बसले. आपांनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटरनं पुढचा रकाना उघडला.

"बायकोचं नाव?"

इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं, याची मला लाज वाटली.

"कुसुम," काका म्हणाले. मग जरा पुढं वाकून, "मला दिसत नाय. काय लिहिलं ते वाचून दाखवा."

आपांनी वाचलं. नाव तिचं, पुढं काकांचं नाव आणि काकांचं आडनाव.

"परत वाचा," काका म्हणाले.

मागं रांगेत कुणीतरी कुरकुरलं, पण आपांनी परत वाचलं, या वेळी जरा सावकाश.