एकादशीची पेज

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठं काम झालं. माझी बायको मरायला टेकली होती, तिला मी मुतायला लावलं. हे असं लिहू नये म्हणतात. पण ती जाऊन वर्ष होत आलं, आणि येणारेजाणारे तिच्या व्रतांचंच कौतुक सांगतात. ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मीच लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं चालवून घ्या.

मी अहिल्याबाई घाटाजवळच्या एका अन्नछत्रात आचारी होतो. दक्षिणी यात्रेकरूंचं जेवण करायचं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात काशीत हैजा पसरला, म्हणजे आपली पटकी. सरकारी माणसं विहिरींत लाल औषध टाकत फिरत होती. दशमीच्या दुपारी हिला जुलाब लागले, मग उलट्या. एकादशी उजाडली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. पोटऱ्यांत असे गोळे येत की ती दात आवळून घ्यायची.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. विचारलं, "लघवी?"

"काल दुपारपासून नाही."

"उतरली तर जगेल. नाही तर नाही. पाणी पाजू नका, वांती वाढते. जिभेवर गंगेचे थेंब सोडत राहा." आणि ते उठून गेले. त्या दिवशी त्यांना घरं पुष्कळ होती.

माझी विधवा आत्या आमच्यातच राहायची. तिनं तुळशीपत्र काढून ठेवलं आणि म्हणाली, "भाग्याची आहे रे पोर. सवाष्ण, त्यात काशी, त्यात एकादशी. मोठमोठ्यांना मिळत नाही असं मरण."

मी म्हटलं, "तुला एवढं आवडलं असेल तर तू घे. हिला घाई नाही."

मी पोटऱ्यांकडे बघत होतो. ते गोळे माझ्या ओळखीचे होते. जेठात भट्टीपुढे उभं राहिलं की घामानं पंचा भिजतो, आणि वाळला की त्यावर पांढरे खारे डाग उरतात. अशा दिवशी लघवी एकदाच व्हायची, तीही सरसूच्या म्हणजे मोहरीच्या तेलासारखी पिवळी. लोटे लोटे साधं पाणी प्यायलो तरी पोटऱ्या आखडायच्या. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं मला भाताची पेज मीठ घालून प्यायला शिकवलं होतं. "पाणी जातं तसं मीठही जातं, दोन्ही परत घाल," म्हणायचा. माझं घामातून जायचं, हिचं जुलाबातून गेलं. अंगात काही उरलंच नाही तर लघवी यायची कुठून? एवढा साधा हिशोब होता, आणि आम्ही तिला थेंबावर ठेवलं होतं.

मी चूल पेटवली. तांदूळ गळून जाईपर्यंत शिजवले आणि पेज निवळून घेतली. मीठ किती घालावं? बोट बुडवून चाटलं. डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट झाली तेव्हा थांबलो. त्या दिवशी ती चव बघायला फार लांब जावं लागलं नाही.

आत्या दारात आडवी आली. "एकादशीला तांदूळ? मरणाऱ्या बाईच्या तोंडात? कुठल्या नरकात पाठवतोस तिला?"

"कुठेच पाठवत नाही. त्यासाठीच तर चाललंय."

खरी अडचण पुढेच होती. देवाजवळची पळी घेतली, पेज भरली आणि हिच्या ओठांशी नेली. हिला वास आला. हिनं तोंड घट्ट मिटलं. आवाज बसला होता, नुसते ओठ हलले. "आज एकादशी."

"पाप माझ्या नावावर टाक."

"तुमच्या नावावर आधीच पुष्कळ आहेत," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

पहिल्या चार पळ्या उलटून पडल्या. थोडं थांबलो, परत दिली. पुन्हा उलटली, पुन्हा दिली. आत्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती. दुपारी एक पातेली संपली, दुसरी शिजवली. आता उलटी क्वचित होत होती. तिसऱ्या प्रहरी कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसली. पोटऱ्या सैल झाल्या. पण खालचं भांडं कोरडंच. मी दर थोड्या वेळानं हात घालून बघायचो, आणि ती लाजून मान फिरवायची.

दिवेलागणीच्या आधी तिनं माझं मनगट धरलं. "अहो, भांडं."

अर्धी वाटी असेल. गडद, गढूळ. जन्मात पंचपक्वान्नं रांधली, पण इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. भांडं झाकून मी तसाच वैद्यबुवांकडे निघालो. गल्लीत एका यात्रेकरूनं गंगाजल समजून हात जोडले. मी मान डोलावून पुढे गेलो.

वैद्यबुवांनी झाकण काढून पाहिलं. "काय दिलंस?"

"पेज."

"आज?"

"आज."

त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "मीठ किती?"

पुढच्या आठवड्यात त्यांनीच घरोघरची माणसं माझ्याकडे धाडली, आणि अन्नछत्राच्या चुलीवर पेजेचा हंडा चढला. सगळे वाचले असं नाही. वाचले तेही पुष्कळ.

ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही उठून बसली. मी उचलायला गेलो तर हात झटकला. भिंत धरत धरत स्वतः मोरीपर्यंत गेली. आत्यानं पाण्याचा लोटा आत ठेवला.

"इथं उभे राहू नका," ही आतून म्हणाली.

"बरं," मी म्हटलं, आणि तिथंच उभा राहिलो. आतून आवाज आला, चांगला भरपूर, थांबेचना. मी आत्याकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि हसत होती.