ठाऊक असलेला प्रश्न

डेनिसताईंमुळे मी शनिवारच्या त्या वर्गात टिकले. लातूरहून लग्न होऊन मी बर्मिंगहॅमला आले, तेव्हापासून या कृष्णवर्णीय बाई आमच्या शेजारी आहेत. एका बँकेचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून घुसणाऱ्या चोरांपासून राखणं हे त्यांचं काम. दर शनिवारी वाचनालयात त्या आणि त्यांचे कृष्णवर्णीय सोबती जमून नव्या लोकांना हे काम शिकवतात.

"मी नववीत शाळा सोडलेली, त्यात तुमच्यातली नाही. चालेल का?" मी घाबरतच विचारलं होतं.

"बसायला खुर्ची लागते, दाखला नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पडद्यावरचं काहीच कळेना. गुपचूप उठून घरी जावं, पुन्हा येऊ नये, असं वाटत होतं. तेवढ्यात डेनिसताईंनीच हात वर केला. "फायरवॉल म्हणजे नेमकं काय रे?"

शिकवणारा तरुण हसला. "आंटी, दर शनिवारी विसरता?"

"वय झालं बाबा. सांग पुन्हा."

बाहेरून कॉम्प्युटरमध्ये काय येऊ द्यायचं नि काय अडवायचं हे ठरवणारा पहारेकरी, असं त्याने सांगितलं. मग एकेक हात वर होऊ लागला. त्यांत माझाही होता.

परतताना त्या म्हणाल्या, "मी शिकायचे तेव्हा वर्गात काळी मी एकटीच. माझं चुकलं तर आमच्या कुणालाच येत नाही म्हणतील, या भीतीने वर्षभर तोंड उघडलं नाही."

मोठी झालेली माणसं आपल्याला काय येतं ते दाखवत असतात. या बाई आमच्यासाठी दर आठवड्याला खुशाल अडाणी होतात.

डेनिसताई, या कामाच्या परीक्षेचं नाव काढलं की मी अजून विषय बदलते. पण एक दिवस तुम्हालाही खरोखर ठाऊक नसलेलं काहीतरी मी शिकेन, आणि सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन.