दावोसला निघालेले चार पासपोर्ट

ती बाई ठाण्याच्या पायऱ्या चढून आली, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण तसं किरकोळ, पण स्वच्छ आठवतं. त्यात पहिली चूक माझीच होती, हेही त्याचं एक कारण असेल.

मी मूळचा घाटावरचा, सातारच्या बाजूचा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक झालो. दिवाळी होऊन गेली होती, पर्यटकांचा हंगाम भरात होता. गाड्या लावण्यावरून भांडणं आणि हरवलेले मोबाईल, एवढंच काम रोज येई.

बाई पन्नाशीची, विधवा. समुद्राकडच्या वाडीत तिचं न्याहारी निवास होतं. हाताला अशी चव, की पुण्यामुंबईची माणसं तिचे वडे-सागोती खायला पुन्हापुन्हा येत. तिच्याकडे एक पाहुणा दोन दिवस उतरला होता. सूट घातलेला, शुद्ध पुणेरी बोलणारा. त्यानं सांगितलं की स्वित्झर्लंडच्या डोंगरांत दावोस नावाचं गाव आहे, तिथे दर जानेवारीत जगभरचे मंत्री आणि उद्योगपती परिषदेला जमतात, आणि यंदा एका रात्री त्यांना कोकणी जेवण वाढायचं आहे. चार स्वयंपाकी हवेत. बर्फाच्या डोंगरात सोलकढी! कोणाचा ऊर भरून येणार नाही? बाईनं स्वतःचं नाव दिलं आणि ओळखीच्या तिघांना तयार केलं. व्हिसासाठी पासपोर्ट आठ दिवस लागतील, असं सांगून त्यानं चारही पासपोर्ट नेले. पंधरा दिवस झाले तरी फोन बंद.

बाकीचे तिघे तक्रारीला तयार नव्हते. अख्ख्या गावाला दावोसची बातमी सांगून बसले होते, आता तोंड कसं दाखवायचं? बाईलाही लाज वाटत होतीच, पण तिची अडचण निराळी होती.

"साहेब, माका त्या बर्फात जावचा नाय," ती म्हणाली. "माका माझ्या चेडवाकडे मस्कताक जावचा आसा. पयला बाळंतपण. तिका हंय येवक जमना नाय, सासूय नाय तिका. धा दिवसांनी माझा विमान आसा. माझो पासपोर्ट तेवढो शोधून देवा."

मी रागावलो. मस्कतचा व्हिसा लागलेला पासपोर्ट अनोळखी माणसाच्या हातात देतं का कोणी? ती खाली मान घालून म्हणाली, "मोह पडलो साहेब."

मी स्वतःच जबाब लिहायला घेतला. बाई साऱ्या गोष्टी सविस्तर सांगत होती. निघण्याआधी तो माणूस चौघांना ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेला, नारळ ठेवले, गावकराकरवी देवाला गाऱ्हाणं घातलं. मी म्हटलं, "बाई, देवळाचं राहू दे, मुद्द्याचं सांगा." ते मी लिहिलंच नाही. तीस वर्षांच्या नोकरीचा ताठा, दुसरं काय!

मग नेहमीचं काम सुरू झालं. त्यानं दिलेली आधारची झेरॉक्स दुसऱ्याच कोणाची निघाली. सिमकार्ड तिसऱ्याच्या नावावर. फोनचं शेवटचं ठिकाण कुडाळ रेल्वे स्टेशन. पाखरू मुंबईला उडालं, असं धरून मी दोन माणसं मुंबईला धाडली. ती तीन दिवस लॉज पालथे घालत हिंडली आणि हात हलवत परत आली. बाई रोज सकाळी येऊन बाकावर बसे. काही विचारत नसे. ते मला जास्त बोचायचं.

पाचव्या दिवशी मात्र तिचा बांध फुटला. ती आमच्या हवालदारासमोर रडत म्हणाली, "आमी पायऱ्या उतारलो, तरी तो मागे रवलो. आपलो येगळो नारळ ठेवल्यान, येगळा गाऱ्हाणा घालूक लावल्यान. मेल्यान देवाक सुदीक फसवल्यान!"

हवालदार इथलाच, देवगडचा. तो लिहिता लिहिता थांबला आणि थेट माझ्या खोलीत आला.

"साहेब, त्यानं स्वतःसाठी गाऱ्हाणं घालून घेतलंय."

"मग?"

"गाऱ्हाण्यात नाव आणि गाव सांगावं लागतं, साहेब. गावकर देवाला मोठ्यानं सांगतो, हा अमक्या गावचा अमका, त्याचं अमुक मागणं आहे. खोटं नाव सांगितलं तर मागणं पोचणार कोणाचं?"

मी खुर्चीतून उठलो. मग टोपी घेतली.

गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्या घराण्याचा, त्यातला ऐंशीच्या घरातला गावकर अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. आम्ही का आलो ते ऐकून घेतलं आणि त्यानं नकारार्थी मान हलवली.

"देवाच्या कानार घातलेला तुमका कित्याक सांगू?"

मला वाटलं, आता ह्याला समन्स काढावं. पण हवालदारानं मला डोळ्यांनी गप्प बसवलं आणि बाईची सगळी हकीकत म्हाताऱ्याला सांगितली. लेक मस्कतला, पहिलं बाळंतपण, पाच दिवसांवर विमान. गावकरानं हातातली सुपारी खाली ठेवली.

"हिचा काम सुखरूप होवू दे, असा गाऱ्हाणा माझ्याच तोंडातसून गेला," तो शेवटी म्हणाला. "ह्या अडला तर देव माकाच इचारतलो."

आणि त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आरोंद्याच्या पुढचं, खाडीकाठचं. मागणं काय होतं तेही सांगितलं: मला परत त्या बर्फाच्या मुलखात जाऊ दे. म्हणजे हा माणूस मुंबईचाही नव्हता आणि पुण्याचाही नव्हता. आम्ही त्याला मुंबईत शोधत होतो आणि तो आमच्याच जिल्ह्यात आईच्या हातची पेज जेवत होता. कुडाळ स्टेशनवर फोन बंद केला होता, तो आम्हाला चकवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरून ताब्यात घेतलं. ठाण्यात आणल्यावर त्यानं कानांवर हात ठेवले. पासपोर्ट? कसले पासपोर्ट? मी आवाज चढवला नाही. त्याला चहा दिला आणि दावोसबद्दल विचारलं. गडी खुलला. तिथल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात तो दोन हिवाळे भांडी घासत होता. खिडकीपर्यंत साचलेला बर्फ, परिषदेच्या आठवड्यात दर वळणावर बंदूकधारी शिपाई, गच्च भरलेली हॉटेलं, आणि परिषद संपली की बर्फावर घसरायच्या स्की पायाला बांधून येणारे पर्यटक. सगळं डोळ्यांसमोर उभं केलं त्यानं. परवान्याची मुदत संपली तेव्हा परत पाठवला गेला. मला त्याची थोडी कीवही आली, हे कबूल करतो.

मग मी विचारलं, "सगळ्यांना खोटं नाव सांगितलंस. देवळात खरं का सांगितलंस?"

त्याचा चेहरा उतरला. इतका वेळचं शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"माणसांक खोटा सांगलंय साहेब. देवाक कसा सांगू?"

पुढचं विचारावंच लागलं नाही. चोरीच्या पासपोर्टांचा धंदा करणाऱ्या गोव्यातल्या एका एजंटानं त्याला शब्द दिला होता, चार पासपोर्ट आण, तुला परत दावोसला पोचवतो. शनिवारी तो ते न्यायला येणार होता. पासपोर्ट घरातच तांदळाच्या डब्यात होते. पंच बोलावून पंचनामा केला आणि चारही जप्त केले. शनिवारी एजंट आला तो आमच्याच हाती लागला.

पण खरी धावपळ पुढेच होती. जप्त केलेला पासपोर्ट म्हणजे मुद्देमाल, तो न्यायालयाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. सोमवारी सकाळी बाईचा अर्ज आणि आमचा ना-हरकत अहवाल घेऊन आम्ही कोर्टात उभे. विमान मंगळवारी पहाटे गोव्याहून. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "तारीख कुठली दिलीय डॉक्टरांनी?" बाई म्हणाली, "ह्याच आठवड्यातली." पासपोर्ट सुपूर्दनाम्यावर परत देण्याचा हुकूम जेवणाच्या सुट्टीआधी झाला. बाईनं तो पिशवीत न ठेवता पदरात बांधला. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? तक्रारदार सांगतो ते सगळं लिहावं. काय मुद्द्याचं आणि काय नाही, हे पहिल्या दिवशी साहेबाला कळत नसतं. नंतर माझ्या हाताखाली नवीन फौजदार आले, त्यांना मी हेच सांगत असे, आणि चूक माझी होती हेही सांगत असे. मुलं बिचकून माझ्याकडे बघायची. ह्या प्रकरणाचं श्रेय हवालदाराचं, तसं मी अहवालातही लिहिलं. दुसरी गोष्ट म्हणजे, फसवणारा माणूसही कुठेतरी खरं बोलत असतो. ती जागा ज्या त्या गावची निराळी, आणि ती गावातल्याच माणसाला ठाऊक असते.

नऊ दिवसांनी, सकाळची हजेरी चालू असताना, हवालदाराच्या फोनवर मस्कतहून बाईचा निरोप आला. त्यानं तो सगळ्या ठाण्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

"साहेबांक सांग, नात झाली. मी थंयच होतंय."