वाऱ्याला सांगून ठेवा

आमच्या घरात हवामानावरून कधी भांडण झालं नव्हतं, कारण दुबईत हवामान नसतं. ऊन असतं. ते बाहेर असतं आणि आपण एसीत असतो.

म्हणजे मी आणि रेवा असतो. माझा नवरा सतीश जबल अलीच्या गोदामात असतो आणि तिथला एसी फक्त मॅनेजरच्या काचेआड असतो. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून, भाजलेल्या वांग्यासारखा चेहरा घेऊन तो घरात आला आणि चपला काढायच्या आधी त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रात कुठेतरी, एक बेट होतं. तिथल्या धक्क्यावरचं गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. बायकामुलांसकट!

"अगं, क्वालिटी ऑफ लाइफ बघ! ट्रॅफिक नाही, चोऱ्या नाहीत. लोक घराला कुलूप लावत नाहीत."

"कशाला लावतील? चोर आला तरी परत जायला बोट मिळाली पाहिजे ना त्याला!"

"हवा बघ किती शुद्ध!"

"टिकतच नाही, तर घाण कधी होणार? गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, असं लिहिलंय इथे."

"डॅड, डू दे हॅव डिलिव्हरी?" अकरा वर्षांच्या रेवाने विचारलं.

"इन्शाल्ला," सतीश म्हणाला. (आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो.)

"मी येणार नाही. खलास!" मी जाहीर केलं. इंटरनॅशनल सिटीतला आमचा फ्लॅट खुराड्याएवढा असेल, पण त्याच्या बाल्कनीत चादर अर्ध्या तासात कडकडीत वाळते. बाल्कनीत कपडे वाळत घालणं बिल्डिंगच्या नियमात बसत नाही. वॉचमन रोज खालून ओरडतो, "मॅडम, कपडा अंदर!" म्हणून तर मी रोज घालते.

पण सतीशने अर्ज केलाच, आणि मुलाखतीला अख्खं कुटुंब पडद्यावर हवं, असं उत्तर आलं. "तू फक्त हसत बस," तो काकुळतीला येऊन म्हणाला. मी मनाशी म्हटलं, बघतेच!

मुलाखतीच्या दुपारी त्याने एसी सोळावर आणला आणि स्वतः जाडजूड जॅकेट चढवलं, का तर थंडीत आपण किती रमतो हे त्यांना दिसायला हवं! रेवाला कानटोपी घातली. मी बिनबाह्यांचा सुती ड्रेस घालून बसले. पडद्यावर बेटावरच्या मोरागबाई आल्या. पिकलेले केस, लाल गाल, मागे खिडकीवर आपटणारा पाऊस.

"आमच्याकडे वारा फार," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

"वी लव्ह विंड!" सतीश ओरडला. (हा माणूस खाडीतल्या अब्रावर, म्हणजे होडीत, बसला की उरलेले केस दोन्ही हातांनी धरून ठेवतो!)

आणि तेवढ्यात एसी बंद पडला.

सोळावरून घर भराभर तापायला लागलं. रेवाने कानटोपी भिरकावून टेबलफॅन आणला. सतीशने मात्र जॅकेटची चेन आणखी वर ओढली. त्याच्या हनुवटीवरून घामाची धार लागली.

"मिस्टर बरे आहेत ना?" बाईंनी मला विचारलं.

हीच संधी! "ते बरे आहेत, पण मी तुमच्याकडे येणार नाही," मी इंग्रजीत ठणकावलं. "तुमच्याकडे ऊन नाही. मी दरवर्षी घरी पापड लाटते. ते वाळवू कुठे? तुमच्या डोक्यावर?" (मी जन्मात पापड लाटलेला नाही. पण तत्त्वाचा प्रश्न होता!)

बाई पुढे सरकल्या. "पापड? बघू!"

मी रुबाबात स्वयंपाकघरात गेले, पाकिटावरचं लेबल फाडलं आणि पापड कॅमेऱ्यासमोर धरला.

"बट ममा," रेवा म्हणाली, "वी बाय दीज इन बर दुबई!"

पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते याचा मी आजवर केवढा तोरा मिरवला होता! तो जागीच उतरला.

मोरागबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. मग तो पुसत म्हणाल्या, "वारा आवडतो म्हणणारे सगळे पहिल्या हिवाळ्यातच बोट पकडून पळाले. तुम्ही अजून आलाही नाहीत आणि भांडताय. आम्हाला असंच माणूस हवंय. पण तुमचं मन नसेल, तर आग्रह नाही."

आता फक्त 'मन नाही' म्हणायचं होतं. मी सतीशकडे पाहिलं. जॅकेटमध्ये तो पार भिजला होता. गोदामातून येतो तेव्हा तो असाच दिसतो, हे मी किती उन्हाळे बघत आले होते, आणि चहा ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"काढ ते जॅकेट," मी मराठीत म्हटलं. आणि इंग्रजीत, "येईन मी! पण वाऱ्याला सांगून ठेवा. आणि पापडही विकतचे नाही आणणार. तुमच्या बेटावर, तुमच्या वाऱ्यात, स्वतः लाटून वाळवून दाखवीन!"

"तू काय बोललीस कळतंय का तुला?" सतीश कुजबुजला.

कळलं, पण आठवड्याभराने. नेमणुकीच्या पाठोपाठ मोरागबाईंचा निरोप आला. माझ्या पापडांसाठी धक्क्याजवळची एक शेड रिकामी केलीय. बेटावरच्या सगळ्या बायका शिकायला येणार आहेत.

म्हणून सध्या मी आईला व्हिडिओ कॉल लावून उडदाच्या पिठाशी झुंजतेय. काल पहिल्यांदा पापड पातळ लाटले गेले. मी ते अभिमानाने चादरीवर पसरले, बेटाची सवय व्हावी म्हणून समोर टेबलफॅन लावला आणि ते बघायला सतीशला हाक मारली. तो येईपर्यंत चादर मोकळी होती आणि पापड सोफ्याखाली.

फॅन एकवर होता.