दादाच्या घोडीचे गुडघे

घोडी टेम्पोतून उतरली तेव्हा निम्मी वाडी दादाच्या आंब्याच्या बागेत जमली होती. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात रेसची घोडी कशाला येते? लोकांनी पाहिलेली घोडी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाळूवर पर्यटकांना फिरवणारी. ही दोन वर्षांचीही नव्हती. उंच, तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा. फळीवर थबकली, एक खूर जांभ्याच्या खडीवर टेकवून पाहिला आणि मग सावकाश खाली आली.

"बग, बाय," दादा मला म्हणाला. "आयशीचाच तोंडवळा हाय."

तिच्या आईला दादाइतकं कुणीच ओळखत नसेल. माझा हा थोरला भाऊ मुंबईला रेसच्या तबेल्यात मोतद्दार होता. घोड्यांचा खरारा, मालिश, चारापाणी करण्यात त्याची एकवीस वर्षं गेली. ही आई त्याच्याच हाताखाली वाढली आणि चार रेस जिंकली. चारही वेळा फोटोसाठी लगाम धरून तिला उभं केलं ते दादाने. फोटोत मालक आहेत, मालकीणबाई आहेत, त्यांचे पाहुणेही आहेत. दादाचा एका फोटोत कोपर दिसतो. तो फोटो त्याने फ्रेम करून ओटीवर लावला आहे.

रेस संपल्यावर आई पैदाशीसाठी ज्या स्टड फार्मवर होती, तो म्हाताऱ्या मालकाने बंद केला, तेव्हा बाकीचे घोडे विकले गेले, हिला मात्र कुणी नेलं नाही. मालकाने दादाला फोन केला आणि दादा घेऊन आला. कुणी का नेलं नाही, हे त्याने विचारलं नाही.

ते सांगण्याचं काम माझं होतं. मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची पहिली बारा वर्षं पुण्याजवळ अशाच एका फार्मवर काढली, मग गावी येऊन गाई-म्हशींत रमले. पुण्यातला एक ट्रेनर दादाचा जुना ओळखीचा. तो म्हणाला होता, बहिणीने तपासून हो म्हटलं तर पाठव, तिचा शब्द मला पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी तिच्या वंशावळीचा कागद वाचला. आईकडची बाजू भक्कम होती, टिकाऊ घोड्यांची. बापाकडची वेगवान, पण त्याची बरीचशी पोरं दोन हंगामांतच पाय धरून बसलेली. मग दादाने तिला चालवून दाखवलं. माझ्याकडे येताना, माझ्यापासून जाताना. छाती खोल, मागचा भाग ताकदीचा, चाल ऐसपैस. मला खरंच आनंद झाला. मग मी बाजूला जाऊन पाहिलं.

घोड्याचा पुढचा पाय बाजूने सरळ दिसायला हवा, दाराच्या चौकटीसारखा. हिचे दोन्ही गुडघे किंचित मागे दबलेले होते. अशा पायांनी घोडी बागेत आयुष्यभर सुखाने फिरते, पोरंही चांगली देते. पण भरधाव पळवलं, की सगळा भार गुडघ्याच्या पुढच्या लहान हाडांवर येतो आणि ती एक दिवस तुटतात. मी खाली बसून दोन्ही गुडघे चाचपले. तिने माझ्या खांद्यावर ओठ टेकवले.

"आयस अशीच करायची," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, आई आणि लेक सारखी असतेच असं नाही."

"खाण तशी माती गो. हापूसचं कलम बांधलं तर काय रायवळ लागतो?"

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावणं कठीण. त्याच्या बागेतलं प्रत्येक झाड खरोखरच आपल्या आईसारखं. फांदीची काडी बांधली, की तेच फळ, तीच चव, पिढ्यान् पिढ्या. घोड्यांत कलम बांधता येत नाही. तिथे सगळी रोपं कोयीची, काय निघेल ते निघेल. हे मी त्याला सांगायला हवं होतं. पायही दाखवायला हवे होते, हात धरून, इथे बघ म्हणून. दुसऱ्या कुणाची घोडी असती तर मी दोन वाक्यांत निकाल लावला असता. माझी जीभ गावात त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पण माझं सगळं शिक्षण याच्या मोतद्दारीवर झालं होतं. आणि आता एकदा, फक्त एकदा, त्याला स्वतःच्या घोडीचा लगाम धरून फोटोत उभं राहायचं होतं. मी मूग गिळले. "बरी आहे," म्हणाले. मनात हिशोब असा, की ट्रेनर काही आंधळा नाही. तो बघेल, परत पाठवेल. वाईट तो होईल, मी कशाला होऊ?

टेम्पो ठरला आणि आदल्या दिवशी दादा ग्रामदेवीला कौल लावायला निघाला. मीही गेले. माझा कौलावर फारसा विश्वास नाही, पण आमच्याकडे विहीर खणण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरवाने देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, लेकरू घोडी शर्यतीला पाठवतंय, पाठवायची असेल तर उजवा दे. आम्ही हात जोडून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने पाकळी पडली, ती डावी.

मला इतकं हलकं वाटलं, की गुरवाच्या पाया पडावंसं वाटलं. सुटले, असंच मनात आलं.

दादाने खाली पडलेल्या पाकळीकडे पाहिलं. मग गुरवाला म्हणाला, "देवीला घोड्यातलं काय कळतंय? माझी बहीण डॉक्टर हाय. तिने पाय बगितलेत." आणि नारळ ठेवून पायऱ्या उतरायला लागला.

त्या पायऱ्या बावीस आहेत. बावीस पायऱ्या मी त्याच्या मागून उतरले आणि तोंड उघडलं नाही. देवीवर भार टाकायला मला लाज वाटली नव्हती, आणि त्याने तो उचलून परत माझ्यावर ठेवला तेव्हाही मी गप्पच राहिले.

ट्रेनरनेही पाय नीट पाहिले नाहीत. पुढे तो मला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघितलंत म्हटल्यावर मी परत काय बघू?"

दादा घोडीबरोबर पुण्याला राहिला, बिनपगारी मोतद्दार म्हणून. पाचव्या महिन्यात सकाळच्या सरावात तिला पहिल्यांदा पूर्ण वेगाने सोडलं. उजवा गुडघा चुरला. बरा होण्यासारखा नव्हता. तिला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा डोकं दादाने धरलं होतं.

तो परत आला, त्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. वहिनीने चहा ठेवला. दादाने एकच प्रश्न विचारला.

"तुला दिसलं होतं काय गो?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "हो," मी म्हणाले. "तू नाराज होशील म्हणून बोलले नाही."

त्याने कप खाली ठेवला. "मी नाराज झालो असतो. आठ दिवस जेवलोही नसतो. मग तिला हितंच ठेवली असती, तिला पोर झालेलं बगितलं असतं, त्याला पळवलं असतं." आणि म्हणाला, "मना काय घाई होती?"

तो रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. अजून सणाला बोलावतो, आंब्याची पेटी पाठवतो, वाटेत भेटलो तर माझी गुडघेदुखी कशी आहे विचारतो.

गेल्या महिन्यात त्याची गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. माझं घर त्याच्या गोठ्यापासून हाकेवर आहे. त्याने तालुक्याच्या डॉक्टरला फोन केला आणि ते येईपर्यंत अडीच तास गायीच्या मानेवर हात फिरवत बसून राहिला. गाय वाचली, वासरूही. मला हे दुसऱ्या दिवशी वहिनीने सांगितलं, खाली मान घालून.